पिशवीत तीच पिशवी

त्या दुपारी मी जगातली सगळ्यात हुशार मुलगी होते. निदान मला तसं वाटत होतं, आणि ते खोडून काढायला घरात कुणी नव्हतं. मावशी अक्कलदाढ काढायला दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. "इतकी वर्षं वापरली नाहीस, आता काढून तरी टाक," असं सकाळी बाबा तिला म्हणाले होते. आणि बाबा टाकीत होते.

टाकीचं आधी सांगते. बाबा पाणबुडे आहेत. पुलाचे खांब पाण्याखाली कुठे झिजले, कुठे तडकले ते बघायचं आणि तिथल्या तिथे वेल्डिंग करायचं, हे त्यांचं काम. खोल पाण्यात माणसाच्या रक्तात हवा मुरते, सोड्याच्या बाटलीत मुरलेली असते तशी. झाकण हळूहळू फिरवलं तर काही होत नाही. एकदम काढलं तर काय होतं ते ज्यानं शर्ट भिजवून घेतलाय त्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून बाबा वर आले की त्यांना लोखंडी टाकीत बसवतात, पाण्याखाली होता तसा दाब तिथे परत देतात, आणि मग तो पायरी-पायरीनं उतरवतात. झाकण हळू फिरवायचं, एवढंच. फक्त बाटली म्हणजे माझे बाबा.

हे झाकण एक प्रोग्राम फिरवतो, आणि तो प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय ती भाषा माझ्या मावशीनं बनवली आहे. पंप, भट्ट्या, टाक्या असल्या यंत्रांमधल्या चिमुकल्या बोर्डांसाठी. तिचा कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राच्या बोलीत उतरवून देणारा प्रोग्राम, आमच्या मागच्या खोलीत वाढला. मीही तिथेच वाढले. आई गेल्यावर मावशी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी तिच्या टेबलाखाली बसून तारांच्या वेण्या घालायचे. यंदा मी टेबलाच्या वर आले. कंपायलरमधली एक तपासणी मावशीनं मला लिहायला दिली होती आणि मी ती लिहून पूर्ण केली होती. वर्गात कुणाला सांगून उपयोग नव्हता. सांगितलं तर "बरं मग?" म्हणाले असते.

तपासणी कसली, तर स्वतःचीच वाट बघणाऱ्या फंक्शनची. पुस्तकात त्यांना रिकर्सिव्ह असिंक्रोनस फंक्शन म्हणतात. आमच्या घरात पिशव्या म्हणतात. मावशीनं मला ते असं शिकवलं होतं: फंक्शन म्हणजे एका कामाची कृती. काही कृतींना मध्येच थांबावं लागतं. "व्हॉल्व्ह उघडलाय, दाब उतरला की मला उठवा," असं म्हणून ती झोपते. झोपण्याआधी आपण कुठवर आलो, काय लक्षात ठेवायचं, हे सगळं ती एका पिशवीत भरून ठेवते. ती पिशवी केवढी लागणार हे कंपायलरनं आधीच मापायचं असतं, कारण बोर्डावर जागा मुठीएवढी. एक कृती दुसरीची वाट बघत असेल तर दुसरीची पिशवी पहिलीच्या पिशवीत जाते. ठीक. पण एखादी कृती फिरून स्वतःचीच वाट बघायला लागली तर? तिच्या पिशवीत तीच पिशवी, त्या पिशवीत परत तीच. मापायला बसलात तर उठणार नाही.

मावशीची जुनी तपासणी नावं वाचायची. कुणी कुणाला नावानं हाक मारली ते बघत जायची आणि फिरून त्याच नावावर आली की ओरडायची. माझी तपासणी तिच्यापेक्षा आगाऊ होती, माझ्यासारखीच. कुणी कुणाच्या हातात काय दिलं तेही ती बघायची. "हे पुढचं काम घे, तुझं झालं की कर," असं म्हणून एका फंक्शननं दुसऱ्याच्या हातात तिसरं फंक्शन दिलं, तर हाक कुठेच दिसत नाही, पण काम तर होतंच.

मावशीचा एक नियम आहे. नवी तपासणी कितीही शहाणी असो, आधी तिनं जुन्यांची हजेरी घ्यायची. आजवर बाहेर गेलेला प्रत्येक प्रोग्राम पुन्हा तिच्यासमोर उभा करायचा. जुने सगळे गुण्यागोविंदानं चाललेले असतात, त्यामुळे नवी तपासणी ओरडली तर बहुतेक वेळा तीच चुकलेली असते. "नव्या सुनेनं घरातल्या सगळ्यांना चोर ठरवलं, तर चष्मा कुणाचा तपासायचा?" असं मावशी म्हणते.

मी हजेरी लावली आणि खुर्चीवर मांडी घालून बसले. भट्टी, ठीक. दूध गार करायचं यंत्र, ठीक. पाण्याचे पंप, ठीक, ठीक, ठीक. मी मनात मावशीचा चेहराही रंगवून ठेवला होता.

टाकी.

पडदा लाल झाला. खाली मीच लिहिलेलं वाक्य आलं, जे लिहिताना मला फार गंमत वाटली होती: "पायरी कानाची वाट बघते. कान पायरीची वाट बघतो. पिशवीत तीच पिशवी."

पहिला विचार सुनेचा. चष्मा माझाच. मी टाकीचा प्रोग्राम उघडला आणि माझी चूक शोधायला बसले. खरं सांगते, आपलीच चूक सापडावी म्हणून मी इतक्या मनापासून कधी काही वाचलं नव्हतं.

'पायरी' म्हणजे दाब एक टप्पा उतरवणं. 'कान' म्हणजे टाकीच्या आतलं बटण. दाब उतरताना कान दुखला की आतल्या माणसानं ते दाबायचं. मग दाब जरासा परत वाढतो, कान मोकळा होईपर्यंत थांबतो, आणि तीच पायरी नव्यानं सुरू होते. कोणती पायरी? जी हातात दिली असेल ती. 'कान'च्या आत पायरीचं नाव कुठेच नव्हतं. पायरी स्वतःलाच कानाच्या हातात द्यायची आणि झोपायची. मावशीच्या जुन्या तपासणीला फक्त रिकामा हात दिसला होता. आणि ज्या पिशवीचं माप कळत नाही, तिच्यासाठी जुना कंपायलर एक तोडगा काढायचा: आत्ता राहू दे, यंत्र चालू असताना कोठारातून, म्हणजे बोर्डावर उरलेल्या मोकळ्या जागेतून, नवी पिशवी घे. म्हणजे दर वेळी बटण दाबलं की एक नवी पिशवी. आधीची परत मिळत नाही, कारण आधीची पायरी अजून झोपलेलीच आहे, नव्या पायरीची वाट बघत.

कोठार मुठीएवढं.

एरवी काही बिघडलं नसतं. पाणबुड्यांचे कान तयार असतात, कुणी एखाद्या वेळी दाबलं तर दाबलं. यंत्रानं दाब पूर्ण उतरवला की सगळ्या पिशव्या रिकाम्या, गोष्ट संपली. म्हणूनच आजवर संपत आली होती. पण बाबांना त्या दिवशी सर्दी होती. चहा पिताना त्यांनी इतक्या शिंका दिल्या की मावशीनं तिचा कप उचलून दुसऱ्या खोलीत नेला.

"आज जाऊ नका, भाऊजी," ती तिथूनच म्हणाली. "अशा नाकानं पाण्यात?"

"नाक घरीच ठेवून जातो," बाबा म्हणाले. "तू सांभाळ."

सर्दीत कान उघडत नाही. कान उघडला नाही की बटण.

मी खण उपसले. टाकीत बसवलाय तसलाच एक जादा बोर्ड मावशीकडे होता, बटणासकट. त्यावर दोन दिवे: हिरवा म्हणजे यंत्र चालू, पिवळा म्हणजे हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडा. मी टाकीचा प्रोग्राम त्यात भरला, थांबण्याच्या वेळा कमी करून ठेवल्या, आणि बटण दाबलं. पिवळा विझला, थोड्या वेळानं लागला. बरोबर. पुन्हा दाबलं. विझला, लागला. पुन्हा. माझं बोट गार पडलं होतं. पुन्हा. मी हळूच गाणं गुणगुणायला लागले, कारण काहीच होणार नाही अशी मला खातरी वाटायला लागली होती.

मग मी दाबलं आणि पिवळा विझला नाही.

परत दाबलं. नाही. बोर्डाला काही विचारलं तरी उत्तर नाही. यंत्र मेलं होतं. आणि हिरवा दिवा छान शांतपणे चालू होता. तो दिवा विजेचा होता, शुद्धीचा नव्हता.

मी मावशीला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला.

"मावशी."

"अऽ," पलीकडून आलं. अर्धं तोंड बधिर, उरलेल्यात कापूस.

"बोलू नकोस. एकदा हं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. चालेल?"

"हं."

मी सांगितलं. सगळं, एका दमात. मग तिनं जे विचारलं असतं ते मीच विचारलं. "तू म्हणशील, तपासणीच चुकली नसेल कशावरून. तर जादा बोर्डावर करून बघितलं. अडकला. पिवळा लागलेलाच राहिला. हिरवाही."

पलीकडे काहीतरी धातूचं खाली पडलं आणि डॉक्टरबाईंचा आवाज आला, "अहो, खुर्चीवरून उठू नका अजून." आणि मावशीच्या चपलांचा आवाज.

"तू फोन ठेवू नकोस, मी काटेकाकांना यात जोडून घेते," मी म्हणाले.

काटेकाका म्हणजे टाकीच्या बाहेर बसून दाबाच्या काट्यांवर नजर ठेवणारे. त्यांच्या लग्नाच्या फोटोतही ते तिरकं बघतायत, कुठेतरी काटा असणार, असं बाबा म्हणतात.

"बोला मॅडम," ते म्हणाले. "शाळा बुडवली वाटतं."

"काका, बाबांनी आज कानाचं बटण दाबलं का?"

"दाबलं का? अगं, लिफ्ट बोलावल्यासारखं चाललंय. आज कान हट्टाला पेटलाय त्यांचा."

"काका, आता दाबू देऊ नका. प्रोग्रामची जागा भरत आलीय. भरली की तो अडकेल, आणि अडकताना बाहेरचा व्हॉल्व्ह उघडा असेल तर तसाच उघडा राहील."

"इथे हिरवा दिवा चालू आहे, पोरी."

"तो मेल्यावरही चालूच राहतो. माझ्यासमोर मेलेला बोर्ड पडलाय, त्याचाही चालू आहे."

तेवढ्यात मला पलीकडून घंटी ऐकू आली. ट्रिंग. बाबांनी आत बटण दाबलं की काकांच्या टेबलावर ती वाजते.

मावशीच्या बाजूनं रस्त्याचा आवाज येत होता, तो मला थांबल्यासारखा वाटला.

"काका?"

"थांब." मग बऱ्याच वेळानं, "हलला. काटा वर चाललाय. चालू आहे यंत्र."

"मग लगेच चाक हातात घ्या ना. पुढचं बटण दाबायच्या आत."

टाकीला एक हाताचं चाक असतं, बाहेर जाणारी हवा त्यानं बंद करता येते, सोडता येते. पण काका उठले नाहीत. "ऐक," ते म्हणाले. "इथे एकदा एकानं घाबरून चाक फिरवलं होतं. आतला माणूस अजून काठी घेऊन चालतो. तेव्हापासून इथला नियम आहे, घाबरलेल्या माणसाच्या सांगण्यावरून चाकाला हात लावायचा नाही. तू घाबरलीयेस का?"

खोटं बोलावंसं वाटलं. "हो," मी म्हणाले. "खूप. पण बोर्ड घाबरलेला नाही, काका. तो नुसता पडलाय आणि त्याचा पिवळा दिवा विझत नाहीये."

"ज्यांची भाषा त्यांनी सांगितलं तरच मी चाक धरीन."

"हं," मावशी म्हणाली.

"हे काय होतं?"

"मावशी आहे. दाढ काढलीय. एकदा हं म्हणजे हो."

"बाई, स्पष्ट विचारतो. चाक हातात घेऊ?"

"हं."

"यंत्राची वीज तोडू का आधी?"

"हं हं," मावशी घाईनं म्हणाली, आणि आणखी काहीतरी म्हणाली जे कापसात अडकलं.

नाही. का नाही? मी डोळे मिटून टाकी आठवली. बाबांनी एकदा आत नेऊन दाखवली होती. दिवा, फोन, आणि शिळी हवा साफ करणारा पंखा. "सगळं एकाच विजेवर आहे," मी म्हणाले. "वीज तोडली तर आतला पंखाही बंद पडेल. यंत्र राहू दे तसंच. फक्त हवा त्याच्या हातात नको."

"हं," मावशी म्हणाली. त्या हंमध्ये जरा दम होता.

काकांनी फोन टेबलावर ठेवला. खुर्ची सरकली. मग टाकीच्या आतल्या फोनमधून बाबांचा आवाज आला, डब्यातून यावा तसा. दाबाखाली माणसाचा आवाज चिरका होतो. एरवी मला त्याचं हसू येतं.

"यापुढे बटण दाबायचं नाही," काका म्हणाले. "कान दुखला तर काचेवर एक टक, मी थांबेन. मोकळा झाला की दोन, मी पुढे जाईन. परत म्हणा."

तिथे कुठलीही गोष्ट आतल्या माणसानं परत म्हटल्याशिवाय सांगितली असं धरत नाहीत.

"बटण दाबायचं नाही," बाबा म्हणाले. "एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे चहा."

"नीट म्हणा."

बाबांना काहीतरी कळलं असावं. त्यांनी नीट म्हटलं. मग विचारलं, "काय झालंय?"

"तुमच्या पोरीनं यंत्रात काहीतरी पकडलंय."

मग बाबा म्हणाले, "मग ती सांगेल तसं करा."

इतका वेळ मी रडले नव्हते. तेव्हाही नाही, पण खुर्चीवरून उतरून टेबलाखाली जाऊन बसले, फोन कानाशी धरून. तिथे अजून माझ्या जुन्या तारांची एक वेणी लोंबत होती.

मग नुसतं ऐकणं. चाकाची कुरकुर. हवेची बारीक फुरफुर, आणि ती थांबली की माझंही सगळं थांबायचं. टक. म्हणजे दुखतंय. चाक बंद. बाबा आत नाक धरून, जबडा हलवून, कान उघडायचा प्रयत्न करत असणार. टकटक. कुरकुर पुन्हा. प्रत्येक टक माझ्याच कानात दुखत होती. बटणानं सगळं किती हळुवार व्हायचं, चाक तसं नव्हतं, हे काकांच्या शिव्यांवरून कळत होतं.

एकदा टक आली आणि टकटक आलीच नाही.

काकांनी वाट बघितली. मीही. उन्हाचा तुकडा टेबलाच्या पायावरून फरशीवर उतरला तरी काही नाही. "ऐकू येतंय का?" काका आतल्या फोनवर म्हणाले. काही नाही. "अहो, ऐकू येतंय का?"

मी हातातली तार इतकी आवळली की बोट पांढरं पडलं.

मग एक प्रचंड शिंक. लगेच दुसरी. "येतंय," बाबा म्हणाले. "नाक घरी ठेवलं नव्हतं वाटतं." टकटक.

मावशी घरी आली तेव्हा तिचा गाल चेंडूएवढा होता. ती टेबलाशी आली, लाल पडदा वाचला, जादा बोर्डाकडे बघितलं. पिवळा दिवा तिनं विझवला नाही. मला टेबलाखालून ओढूनही काढलं नाही. तीच खाली येऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन, आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये धरला. तिच्या दुसऱ्या हातात तिचा फोन होता आणि ती अंगठ्यानं भराभर काहीतरी लिहीत होती. मी बघितलं. हाच प्रोग्राम आणखी कुठेकुठे गेला होता, त्या सगळ्यांना: आत कुणी असेल तर चाक हातात घ्या. हे मला सुचलंच नव्हतं. माझी एकच टाकी होती.

शेवटी फुरफुर संपली. मोठा कडकड आवाज झाला, दार उघडल्याचा. बाबांचा आवाज आला, जाड, नेहमीचा. "हॅलो, आहे का कुणी?"

"आहे," मी म्हणाले.

"काय? या कानात काही ऐकू येत नाहीये, थांब, दुसरा लावतो."

"आहे, बाबा."

"बरं," ते म्हणाले.

"जरा थांबा," मागून काटेकाका म्हणाले. "मला एक बघायचंय. झोप लागणार नाही नाही तर." त्यांनी रिकाम्या टाकीचं दार लावलं, आत थोडी हवा भरली, चाक सोडून हवा पुन्हा यंत्राच्या ताब्यात दिली. चाक धरलं की यंत्राचा हिशोब जिथल्या तिथे थांबतो, त्यामुळे पिशव्या मघाएवढ्याच भरलेल्या होत्या. बाहेरच्या बाजूलाही कानाचं एक बटण असतं. ते त्यांनी दाबलं.

ट्रिंग. "हलला काटा," काका म्हणाले.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे.

ट्रिंग.

या वेळी फुरफुर ऐकू आली, मग ती वाढली, सायकलच्या ट्यूबमधून सुटते तशी फस्स झाली, आणि सुटतच राहिली. काका बटण दाबत होते, ट्रिंग, ट्रिंग, आणि फस्स थांबत नव्हतं. टाकी पूर्ण रिकामी झाली तेव्हाच ते थांबलं.

"हा कसला आवाज?" बाबांनी विचारलं. एका कानानं त्यांना उशिरा पोचला असावा.

"हा तुमचा होता," काका म्हणाले.

मावशीनं माझा दंड पकडला. मला वाटलं ती आता मला जवळ घेणार, पण तिनं तिचा फोन माझ्यासमोर धरला. सगळ्यांची उत्तरं आली होती. बघतो, थांबवलंय, आत कुणी नाही. एकाचं आलं नव्हतं. त्या नावासमोर तिनं तीनदा फोन लावल्याची खूण होती. लावून ती काय बोलणार होती कोण जाणे.

मी तिचा फोन घेतला. हात मावशीच्या गुडघ्यावर टेकवला.

"बाबा, मला एक फोन करायचाय. पण ते विचारतील, तू कोण, कितवीत आहेस."

"विचारू दे," बाबा म्हणाले. "आधी लाव. मी येतोच घरी."

रिंग वाजत राहिली. मावशीच्या कापसातून हलकासा श्वास येत होता. टेबलावर तो पिवळा दिवा अजून लागलेलाच असणार, खालून फक्त त्याचा उजेड भिंतीवर दिसत होता.

पलीकडे कुणीतरी उचललं. मागे घंटी वाजल्यासारखं वाटलं मला.

"नमस्कार," मी म्हणाले. "तुमच्या टाकीत आत्ता कुणी आहे का?"